तुटलेली नस पुन्हा वाढते ती कोणाच्या जिवावर?

गोदाकाठ (धागाकर्ती)

संक्रांतीनंतर आमच्या विभागात मनगट कापलेले रुग्ण हमखास येतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, मांजा मात्र अजून गल्लोगल्ली मिळतो. मी हाताच्या शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट. टाके निघाले, जखम भरली की जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारतो: "डॉक्टर तर म्हणाले नस जोडली, मग बोटं अजून बधिर कशी?" उभ्या उभ्या देता येईल असं हे उत्तर नाही, म्हणून इथे लिहिते.

सर्जन शिवतात ते नसेचं बाहेरचं आवरण. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने दोन्ही टोकं समोरासमोर आणतात आणि थांबतात. आत हजारो तंतू असतात आणि त्यातला प्रत्येक तंतू हे एकेका चेतापेशीचं लांबलचक शेपूट असतं. पेशीचा मुख्य भाग पाठीच्या कण्यात किंवा त्याला लागून, शेपूट थेट हाताच्या पंजात. मनगटाशी कापलं की पलीकडचा तुकडा आपल्या पेशीपासून तुटतो आणि मरतो. मेलेला तुकडा चिकटवून उपयोग नसतो. अलीकडच्या टोकातून नवा तंतू फुटून त्याने पंजापर्यंतचं सगळं अंतर पुन्हा वाढत जायचं असतं. माणसात हा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १७-१८ सेंटिमीटर धरा, शिवलेली जागा ओलांडायला सुरुवातीचे तीन-चार आठवडे धरा. सात महिने झाले. तेही सगळं सुरळीत चाललं तर.

पलीकडचा तुकडा मरतो हे ऑगस्टस वॉलर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५० मध्ये दाखवलं. त्याने बेडकाच्या जिभेच्या नसा कापल्या आणि रोज सूक्ष्मदर्शकातून पाहिलं: कापलेल्या जागेच्या पुढचे तंतू नासलेल्या दुधासारखे फुटत जातात, मागचे शाबूत राहतात. त्या प्रक्रियेला आजही वॉलरचंच नाव आहे. पुढची शंभराहून जास्त वर्षं सगळ्यांनी असंच धरलं होतं की अन्नपाणी तुटलं म्हणून तंतू आपोआप सुकतो. १९८९ मध्ये ऑक्सफर्डमधल्या गटाने उंदरांची एक विचित्र जात नोंदवली, जिच्यात कापलेला तुकडा आठवडे न् आठवडे टिकून राहायचा. मग शोध सुरू झाला आणि २०१२ मध्ये कळलं की तंतूमध्ये सार्म-१ नावाचं प्रथिन असतं आणि नस तुटली की तेच तंतूचा निकाल लावतं. म्हणजे तंतू सुकत नाही, स्वतःला संपवतो.

आणि गंमत बघा, त्या उंदरांमध्ये तुकडा टिकला म्हणून नस लवकर भरून आली का? उलट उशीर झाला. जुना तंतू मरेपर्यंत पुढच्या कामाला कोणी हात लावेना.

हे पुढचं काम करणाऱ्या पेशींसाठीच धागा काढलाय. थिओडोर श्वॉन या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ च्या आसपास त्यांचं वर्णन केलं, म्हणून श्वॉन पेशी. शाळेच्या पुस्तकात त्या एका ओळीत उरकतात: "तंतूभोवती मायलिनचं वेष्टण तयार करतात." खरं आहे ते. एक पेशी एका तंतूच्या जेमतेम मिलिमीटरभर लांबीला गुंडाळून बसते, तिच्या पुढे दुसरी, मग तिसरी. मधल्या फटींतून संदेश उड्या मारत जातो, म्हणून हातातल्या नसांत तो सेकंदाला ५०-६० मीटर धावतो. वेदनेच्या बारीक तंतूंना मायलिन नसतं, त्यांना श्वॉन पेशी नुसत्या मुठीत धरल्यासारख्या सांभाळतात. तिथे वेग सेकंदाला मीटरभर.

नस तुटली की या पेशी आपला धंदा बदलतात. मला तरी शरीरातली ही सगळ्यात चकित करणारी गोष्ट वाटते. मरायच्या ऐवजी त्या मायलिन बनवणं बंद करतात. जे बनवलं होतं ते स्वतःच आत ओढून पचवायला लागतात. पहिल्या आठवड्यात जवळजवळ निम्मं मायलिन त्यांनीच संपवलेलं असतं. उरलेल्यासाठी त्या रासायनिक निरोप धाडून रक्तातून भक्षक पेशी बोलावून घेतात. विभागून आपली संख्या वाढवतात. स्वतः दुप्पट-तिप्पट लांब होतात आणि जुन्या तंतूच्या रिकाम्या नळीत एकामागे एक रांग धरतात. या रांगांना ब्युंग्नरचे पट्टे म्हणतात, ब्युंग्नर या संशोधकाने ते १८९१ मध्ये वर्णिले. वरून येणारा नवा तंतू या पट्ट्याला धरून पुढे सरकतो. आमच्या नाशिककडच्या लोकांना सांगायचं तर द्राक्षवेलीला मांडवाची तार. तार नसेल तर वेल वाढते, पण जमिनीवर पसरते. तंतूचंही तसंच होतं: वाट सापडली नाही तर तिथल्या तिथे गुंता होऊन गाठ बनते आणि त्या गाठीला हात लागला तरी रुग्ण कळवळतो.

हा पेशीबदल सी-जून नावाच्या एका प्रथिनाच्या हुकमाने होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या क्रिस्त्यान येसेन आणि रोना मिर्स्की यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांच्या फक्त श्वॉन पेशींतून ते काढून टाकलं. चेतापेशी धडधाकट, तरी नस नीट वाढेना, आणि कितीतरी चेतापेशी मेल्यासुद्धा. पूर्वी म्हणायचे की श्वॉन पेशी दुखापतीनंतर पुन्हा बाल्यावस्थेत जातात. आता म्हणतात की ती दुरुस्तीसाठीची वेगळीच अवस्था आहे, बाळाच्या नसेत ती सापडत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. ही अवस्था कायम टिकत नाही. काही महिने तंतू आलाच नाही तर या पेशींचा दम संपत जातो. सगळ्या उपचारांचं वेळापत्रक यावरच उभं आहे. विचारा, सांगते.

रात्रपाळी

रुमाल टाकून ठेवतो. निवांत वाचणार.

कोकणकडा

उत्तम लेख, गोदाकाठताई. एक व्यवहारी प्रश्न. आमच्याकडे कुणाच्याही हाताला मुंग्या आल्या की मेडिकलवाला "नसांच्या गोळ्या" देतो, त्या लाल-गुलाबी बी-१२ च्या. या गोळ्यांनी तुमच्या श्वॉन पेशी जोमाने कामाला लागतात का? आईला गेली चार वर्षं चालू आहेत.

गोदाकाठ

बी-१२ कमी असेल तर मायलिन बिघडतं, मुंग्या येतात, तोल जातो. आपल्याकडे शाकाहारी मंडळींत ही कमतरता भरपूर आढळते, तेव्हा तपासून कमी निघालं तर गोळ्या-इंजेक्शनं घ्यायलाच हवीत. पण पातळी नीट असताना कापलेली नस गोळीने जोडली जात नाही. आणि आईंच्या मुंग्या चार वर्षं थांबत नसतील तर गोळी बदलण्याआधी कारण शोधा. साखर तपासली आहे का? मधुमेहात श्वॉन पेशींचंच पोषण बिघडतं आणि दुरुस्ती मंदावते. मनगटात नस दाबली गेली असेल तर आणखी निराळं. तिथे तंतू शाबूत असतात, वरचं मायलिन चेपलेलं असतं. दाब काढला की श्वॉन पेशी ते पुन्हा गुंडाळतात आणि काही आठवड्यांत फरक पडतो. फार काळ दाबलेली राहिली तर मात्र तंतूही जातात.

पिंपळपान

मी निवृत्त शिक्षक, जीवशास्त्र शिकवले. धागाकर्तीने इतके चांगले लिहिले आहे म्हणून एक जुनी हकीकत जोडतो.

हेन्री हेड नावाचे लंडनचे एक मज्जातज्ज्ञ होते. नस भरून येताना संवेदना कोणत्या क्रमाने परतते हे रुग्णांकडून त्यांना नेमके कळेना. रुग्ण बिचारा काय सांगणार? दुखते किंवा दुखत नाही. तेव्हा २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांनी स्वतःच्याच डाव्या हाताच्या त्वचेची नस सर्जनकडून कापून घेतली आणि टोके पुन्हा शिवून घेतली. त्यानंतर आठवड्याच्या शेवटी ते केंब्रिजला जात. तेथे सेंट जॉन्स कॉलेजातील आपल्या खोल्यांत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स त्यांच्या हातावर टाचण्या, कापूस, गरम आणि थंड नळ्या लावून नोंदी करीत. हेड डोळे मिटून बसत. असे चार वर्षे चालले. १९०८ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात सर्व प्रसिद्ध झाले.

प्रथम परतली ती भरड, अप्रिय वेदना. टाचणी टोचली तर नेमकी कोठे ते कळेना, पण सबंध भागात भयंकर झोंबे. नाजूक स्पर्श आणि नेमके स्थान पुष्कळ उशिरा आले. यावरून हेड यांनी संवेदनेच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असल्याचा सिद्धान्त मांडला. तो टिकला नाही. पुढच्याच वर्षी ट्रॉटर आणि डेव्हिस या दोघांनी स्वतःच्या अनेक नसा कापून घेऊन वेगळे निष्कर्ष काढले. विज्ञानात असे वेडे असावेत.

अवांतर: हेच रिव्हर्स त्याआधी निलगिरीत येऊन तोडा लोकांचा अभ्यास करून गेले होते. त्यांचा 'द तोडाज' हा ग्रंथ १९०६ चा.

गोदाकाठ

सर, फारच छान! ती झोंबणारी वेदना आमच्या रुग्णांनाही होते आणि ते घाबरतात. "आधी बधिर तरी होतं, आता चादर लागली तरी आग होते" असं म्हणतात. नवे तंतू त्वचेत पोचले पण त्यांच्यावर मायलिन अजून नाही किंवा अगदी पातळ आहे, आणि मेंदूला या नव्या निरोपांची सवय नाही, असा तो काळ. आम्ही तेव्हा वेगवेगळ्या पोतांची कापडं, तांदूळ, वाळू अशा गोष्टींनी हात पुन्हा सरावाचा करतो. घाबरून हात झाकून ठेवणं सगळ्यात वाईट.

तंतू कुठवर आला हे पाहायची सोपी रीतही त्या सुमाराचीच. फ्रान्समध्ये ज्यूल टिनेल आणि जर्मनीत पॉल हॉफमन, दोघांनी १९१५ मध्ये वेगवेगळी नोंदली. पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक दोन्हीकडे होते. नसेवर बोटाने खालून वर टिचक्या मारत यायचं. जिथे टिचकी मारल्यावर बोटात झिणझिण्या येतात तिथवर तंतूंची टोकं पोचली. तो बिंदू महिन्याला अडीच-तीन सेंटिमीटर पुढे सरकला तर बरं चाललंय. एकाच जागी अडून बसला तर सर्जनकडे परत पाठवायचं.

हायवेचा_राजा

आता माझा प्रश्न. मावसभाऊ बाईकवरून पडला, खांद्यापासून अख्खा हात लुळा. पहिल्या हॉस्पिटलमध्ये सांगितलं "सहा-आठ महिने वाट बघू, नसा आपोआप येतात". दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर चिडलेच, म्हणाले आधी का नाही आलात. तिथे बरगडीतली नस काढून दंडाच्या स्नायूला जोडली. आता दोघांत खरं कोण? आणि पंजाची नस दुखावली तर पंजाला जोडायची सोडून दंडाला का जोडली?

गोदाकाठ

दादा, तुमच्या भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे कोण बरोबर ते सांगणार नाही. पण गणित सांगते.

खांद्याजवळच्या जाळ्यापासून पंजाच्या छोट्या स्नायूंपर्यंत ७० सेंटिमीटरच्या आसपास अंतर. दिवसाला मिलिमीटर म्हटलं तर दोन वर्षं. आणि नसेविना स्नायू १२ ते १८ महिने वाट पाहतो, नंतर त्याचं रूपांतर मेद आणि चिवट धाग्यांत होऊ लागतं, नस आली तरी हलत नाही. तिकडे वाटेतल्या श्वॉन पेशीही थकलेल्या असतात. म्हणून मोठ्या माणसात खांद्याशी पूर्ण तुटलेल्या नसेने पंजा पुन्हा पहिल्यासारखा होणं जवळपास अशक्य. मग सर्जन काय करतात? जवळचं ध्येय धरतात. कोपर वाकलं तर हात निदान तोंडापर्यंत जाईल. त्यासाठी बरगडीची नस, किंवा पंजाची नस चालू असेल तर तिच्यातलाच एक जुडगा उचलून थेट दंडाच्या स्नायूच्या दारात नेऊन जोडतात. हा दुसरा प्रकार फ्रान्सच्या ओबेरलँ यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. अंतर काही सेंटिमीटरवर येतं, श्वॉन पेशी ताज्या असतानाच तंतू पोचतात.

थांबायचं कधी, हाही प्रश्न श्वॉन पेशींच्याच बाजूने बघा. सेडन या इंग्रज सर्जनने १९४३ मध्ये नसेच्या दुखापतीचे तीन प्रकार केले. पहिल्यात फक्त मायलिन चेपलेलं, तंतू शाबूत: काही आठवडे. दुसऱ्यात आतले तंतू तुटलेले पण नळ्या शाबूत: नव्या तंतूला स्वतःचीच जुनी वाट मिळते, वेळ लागतो पण येतो. तिसऱ्यात नसच तुटलेली: शिवल्याशिवाय गत्यंतर नाही. दंडाचं हाड मोडून मनगट लुळं पडलं तर ते बहुधा पहिल्या दोन प्रकारांतलं असतं, म्हणून तिथे तीनेक महिने थांबणं योग्य. काचेने, कोयत्याने, मांजाने कापलेलं असेल तर थांबणं म्हणजे नुकसान. पहिल्या काही दिवसांत शिवलं पाहिजे. नंतर टोकं आकसतात आणि मधे फट पडते. बाईकचा अपघात या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो, तिथे अनुभवी डोळा लागतो. माझं मत विचाराल तर खांद्यापासून हात लुळा असेल आणि तीन महिन्यांत काहीच हालचाल परतत नसेल तर ब्रेकियल प्लेक्ससचं, म्हणजे खांद्याजवळच्या या नसांच्या जाळ्याचं, काम नेमाने करणाऱ्या सर्जनला दाखवायलाच हवं. "बघू" म्हणत सहा महिने गेले की पर्याय कमी होत जातात.

हायवेचा_राजा

धन्यवाद ताई. त्याचं कोपर थोडं वाकायला लागलंय. खोल श्वास घेतला की जास्त वाकतं, आम्ही हसत होतो.

गोदाकाठ

वाकणारच! ती नस मुळात श्वासाची. आता सराव करून मेंदूला समजवायचं की ती कोपराची झाली आहे. हसत हसत करा, पण रोज करा.

रात्रपाळी

वाचलं. शंका: माझ्या काकांची नस तपासणी, ती करंट देऊन करतात ती, अपघाताच्या तिसऱ्या दिवशी केली आणि रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल. महिन्याने केली तर सगळं शून्य. मशीन बिघडलं होतं का?

गोदाकाठ

मशीन ठीक असावं, घाई झाली असावी. तुटलेल्या नसेचा पलीकडचा तुकडा लगेच मरत नाही. हालचालीचे तंतू साधारण आठवडाभर आणि संवेदनेचे दहा-अकरा दिवसांपर्यंत करंट वाहून नेतात. जखमेच्या खालच्या बाजूला तपासलं तर सगळं आलबेल दिसतं. स्नायूत सुई घालून करायच्या तपासणीत बदल दिसायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून ही तपासणी साधारण तीन आठवड्यांनी केली की खरं काय ते कळतं.

वरोऱ्याचा_वाटसरू

उशिरा येतोय, पण श्वॉन पेशींचा धागा आणि कुष्ठरोगाचा उल्लेख नाही, हे मला पटेना.

आमचं गाव आनंदवनाजवळ. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये ते उभं केलं तेव्हापासून तिथली माणसं आमच्या घरी येत-जात आलेली. लहानपणी वाटायचं की या रोगाने बोटं झडतात. पुढे कुष्ठरोग निर्मूलनाच्या कामात होतो तेव्हा शिकलो: बोटं रोग खात नाही. हाताला चटका बसलेला कळत नाही, पायातला काटा कळत नाही, जखम चिघळते आणि बोट आखूड होत जातं. वेल्लोरला पॉल ब्रँड या सर्जनने हे ठामपणे दाखवून दिलं आणि वाकड्या पडलेल्या बोटांवर स्नायुबंध फिरवून बसवण्याच्या शस्त्रक्रिया केल्या.

आणि ही बधिरता येते कुठून? कुष्ठजंतूचं राहण्याचं आवडतं ठिकाण म्हणजे श्वॉन पेशी. थंड जागा त्याला मानवते, म्हणून कोपरामागची, गुडघ्याच्या बाजूची, कानाखालची, अशा कातडीजवळच्या नसा तो धरतो. त्या जाड होतात, बोटांनी चाचपता येतात. आम्ही शिबिरात आधी कोपर चाचपायचो, मग चट्टा बघायचो. २०१३ मध्ये एडिनबरोच्या गटाने उंदरांच्या पेशींवर दाखवलं की जंतू श्वॉन पेशीची ओळखच पुसून तिला मूळपेशीसारखी करून टाकतो आणि तिच्यातून दुसऱ्या ऊतींत पसरतो. म्हणजे ताई म्हणतात तो धंदा बदलण्याचा गुण, तोच हा चोर वापरतो.

मुंबईत डॉ. नोशीर अंतिया, प्लास्टिक सर्जन, यांनी 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' सुरू केलं आणि कुष्ठरोगात नसेचं नेमकं काय होतं यावर तिथे बरंच काम झालं. हे आपल्याकडच्यांना माहीत असावं म्हणून लिहितो.

१९८० च्या दशकात बहुऔषधी उपचार आल्यापासून जंतू सहा महिने ते वर्षभरात मरतो. नसेचं मात्र तसं नाही. जंतू मेल्यावरसुद्धा त्याच्या अवशेषांवर शरीर चवताळतं, नस सुजते, काही दिवसांत पंजा लुळा पडू शकतो. अशा वेळी लगेच स्टिरॉइड दिलं तर नस वाचते. बधिरता सहा महिन्यांपेक्षा जुनी झाली तर फारसं हाती लागत नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात असतात. चट्टा बधिर असेल तर लाजू नका, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं.

पिंपळपान

वाटसरू, हा प्रतिसाद स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचा आहे. अवश्य लिहा.

कोकणकडा

+१. वाचनखूण साठवली.

शंकासुर

सगळं कौतुक ठीक आहे. पण मग मणक्याला मार लागलेला माणूस आयुष्यभर खुर्चीत का? तिथे या पेशींनी संप केलाय? आणि त्या इतक्या गुणी असतील तर टोचून का घेत नाहीत? आमच्या शहरात "स्टेम सेलने नसा जिवंत करू" असे फलक लागलेत.

मॉन्ट्रियलकर

शंकासुर, मणक्याच्या आत श्वॉन पेशी नसतातच. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांच्यात मायलिनचं काम दुसऱ्या पेशी करतात, आणि त्या दुखापतीनंतर असा धंदा बदलत नाहीत. त्यांच्या मायलिनचा कचरा फार काळ पडून राहतो, त्यातली प्रथिनं उलट वाढ रोखतात. शिवाय व्रणाची भिंत तयार होते.

आमच्या या गावात अल्बर्ट अग्वायो यांच्या गटाने १९८०-८१ मध्ये केलेला प्रयोग याबाबत गाजलेला आहे. उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा काढून त्याचं एक टोक मेंदूच्या देठात आणि दुसरं मज्जारज्जूत बसवलं. जे तंतू कधीच वाढत नाहीत असं सगळे मानत होते, ते त्या तुकड्यातून ३ सेंटिमीटरपर्यंत वाढले. आणि पलीकडे मज्जारज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात थांबले. म्हणजे तंतूंत धमक आहे, शेजार वाईट.

टोचून घेण्याबद्दल: मायामीत मणक्याला मार लागलेल्या रुग्णांना त्यांच्याच पायाच्या नसेतल्या श्वॉन पेशी वाढवून दिल्या गेल्या. अगदी मोजक्या रुग्णांवरची पहिल्या टप्प्याची चाचणी होती. पेशी देणं सुरक्षित ठरलं. कोणी उठून चालायला लागलं नाही.

गोदाकाठ

मॉन्ट्रियलकरांनी माझं काम हलकं केलं. शंकासुर, फलकांबद्दल: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं चाचणीपुरतंच. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. फलक लावून लाखात बिल करत असतील तर तिकडे फिरकू नका.

पण एका अर्थाने सर्जन श्वॉन पेशी रोजच "देतात". फट मोठी असेल तर पिंढरीच्या मागच्या बाजूची एक त्वचेची नस काढून मधे बसवतात. पावलाची बाहेरची कड बधिर होते, तेवढी किंमत. त्या तुकड्यातले तंतू मरतात, त्यांचा उपयोगच नसतो. कामाला येतात त्या नळ्या आणि त्यातल्या जिवंत श्वॉन पेशी. फट तीनेक सेंटिमीटरहून कमी असेल, विशेषतः बोटातल्या बारीक नसेत, तर कधीकधी नुसती कृत्रिम नळीही पुरते, कारण दोन्ही टोकांकडून श्वॉन पेशी आपण होऊन आत सरकतात. कशा सरकतात हे २०१५ मध्ये लंडनच्याच ॲलिसन लॉइड यांच्या गटाने उंदरांत दाखवलं: फटीत प्राणवायू कमी पडला की भक्षक पेशींना तो कळतो, त्या रक्तवाहिन्यांना बोलावतात, रक्तवाहिन्या फट ओलांडतात आणि श्वॉन पेशी त्यांच्या अंगावरून चालत पलीकडे जातात. तंतू त्यांच्या मागून. लांब नळीत हे जमत नाही.

हायवेचा_राजा

ताई, मग तुमची द्राक्षाची तार थोडी कमी पडते. तार स्वतः चालत येत नाही ना.

गोदाकाठ

हो, आणि खतही घालत नाही! या पेशी वाढीला पोषक प्रथिनंही सोडतात. त्यातलं पहिलं सापडलेलं, म्हणजे चेतावर्धक घटक, त्यासाठी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. तुमचा आक्षेप मान्य.

शेवंती_फुलली

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझा चेहरा एका बाजूने वाकडा झाला होता, बराच सुधारला. पण आता जेवताना त्या बाजूच्या डोळ्यातून पाणी येतं, आणि हसले की डोळा मिटतो. घरचे म्हणतात मनाचे खेळ. हे याच्याशी संबंधित आहे का?

गोदाकाठ

मनाचे खेळ अजिबात नाहीत, ताई. चेहऱ्याच्या नसेत लाळेचे, अश्रूंचे, पापणीचे, ओठांचे असे सगळे तंतू एकत्र जातात. जबर सुजेत आतल्या नळ्याही बिघडल्या तर नवा तंतू चुकून शेजारच्या वाटेला लागतो. लाळेसाठी निघालेला तंतू अश्रुग्रंथीत पोचला की घास तोंडात घेतला की डोळा वाहतो. डॉक्टर याला मगरीचे अश्रू म्हणतात. ओठाचा तंतू पापणीला गेला की हसताना डोळा मिटतो. श्वॉन पेशी वाट दाखवतात, पण कोणता तंतू कुठला हे प्रत्येक वेळी ओळखू शकत नाहीत. हालचालीचे तंतू स्नायूकडच्या वाटा थोड्याफार पसंत करतात असं प्रयोगांत दिसलंय, पण एका स्नायूकडची वाट आणि दुसऱ्याकडची यातला फरक त्यांना फारसा कळत नाही.

यावर उपाय आहेत. आरशासमोर अगदी सावकाश, थोड्याच जोराने करायचे व्यायाम, आणि गरज पडली तर पापणीत किंवा अश्रुग्रंथीत बोटुलिनम या नसेचा निरोप अडवणाऱ्या औषधाची बारीक मात्रा. एक विनंती: जोरजोरात तोंड वेडंवाकडं करायचे किंवा फुगे फुगवायचे व्यायाम करत असाल तर थांबवा. त्याने चुकीच्या जोडण्या पक्क्या होतात.

शेवंती_फुलली

फुगेच फुगवत होते! सांगितलं होतं तसं. खूप आभार, घरच्यांना वाचायला देते.

रात्रपाळी

शेवटचा प्रश्न, ताई. काकांना करंटचं घरगुती मशीन घ्यायला सांगतायत, त्याने नस लवकर वाढते म्हणे. ऑनलाइन दीड-दोन हजाराला आहे.

गोदाकाठ

दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. कॅनडात टेसा गॉर्डन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की नस शिवल्यानंतर लगेच, जखमेच्या वरच्या बाजूला, सेकंदाला २० ठोके असा मंद करंट एक तास दिला तर जास्त तंतू लवकर फट ओलांडतात. माणसांतल्या छोट्या चाचण्यांतही आशादायक दिसलं आहे. तो करंट शस्त्रक्रियेच्या वेळी, थेट नसेला, एकदाच देतात. तंतूंची वाढ दिवसाला मिलिमीटर ती मिलिमीटरच राहते, सुरुवातीचा रेंगाळण्याचा वेळ वाचतो.

घरगुती मशीन कातडीवर चिकटवून वेदना कमी करण्यासाठी असतं. दुखत असेल तर वापरू देत, नस वाढावी म्हणून नको. बधिर भागावर लावलं तर चटका बसलेला कळणार नाही, हा धोका वेगळाच. ते पैसे हाताच्या स्प्लिंटवर, म्हणजे सांधा योग्य स्थितीत धरणाऱ्या आधारपट्टीवर, घाला. नस येईपर्यंत सांधे आखडले नाहीत तरच आलेल्या नसेचा उपयोग, आणि काकांची बोटं आत्ता किती सरळ होतात ते मला सांगा.

रात्रपाळी

अंगठा आणि पहिलं बोट ठीक. करंगळी नि शेजारचं बोट वाकलेलंच राहतं, आपण दुसऱ्या हाताने सरळ केलं तर होतं.

गोदाकाठ

सरळ करता येतंय म्हणजे सांधे अजून मोकळे आहेत. कोपरामागून येणाऱ्या नसेचा भाग दिसतोय. त्या दोन बोटांच्या मुळाशी अडवणारा छोटा स्प्लिंट असतो, जवळच्या हँड थेरपिस्टकडून मापाने करून घ्या. या आठवड्यातच.